घनसाळच्या राखणीला

आजरा तालुक्यात येणारे बहुतेक पाहुणे हिरण्यकेशीकाठचे रामतीर्थ पाहतात आणि आंबोलीचा रस्ता धरतात. मीही कोल्हापूरहून गारगोटीमार्गे आजऱ्याला पोचलो, रामतीर्थावर थोडा वेळ बसलो. परंतु मला जायचे होते ते मुख्य रस्ता सोडून आत, जंगलाला लागून असलेल्या एका वाडीत, मित्राच्या मामांकडे. आजरा घनसाळ या तांदळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचे कौतुक कोल्हापुरात घरोघरी चालते. तो भात कापणीपूर्वी शिवारात उभा असताना पाहावा, एवढीच माझी इच्छा होती.

वाडीतला पहिला दिवस ओळखीपाळखीत आणि चहात गेला. रात्री मामींनी घनसाळचा भात आणि कुळथाची आमटी वाढली. झाकण काढताच साऱ्या सोप्यात वास पसरला. भात मऊ, शीत लहान, आणि वर तूप नसले तरी चालावे अशी चव. मामांच्या घरची शेती मोठी नाही. त्यातला बहुतेक भाग आता ऊस आणि सुधारित वाणाच्या भाताकडे गेला आहे. घनसाळ हळवा नाही, त्याला दिवस जास्त लागतात, ताट उंच वाढते आणि वाऱ्यापावसात लोळते, शिवाय उताराही कमी पडतो. मग का करता, असे मी विचारले, तेव्हा मामा म्हणाले, "घरापुरतं आणि पावण्यांपुरतं करतो. इकायला दुसरं हाय की." म्हणजे माझ्या ताटात आलेला भात त्यांनी विकण्यासाठी पिकवलेलाच नव्हता. पाहुणचार म्हणजे काय, हे मला हॉटेलांच्या ताटांनी कधी इतके स्पष्ट दाखवले नव्हते.

जेवण होताच मामांनी घोंगडे खांद्यावर टाकले आणि ते जागलीला निघाले. कर्नाटकाच्या जंगलांतून आलेले हत्ती गेली वीसेक वर्षे आजरा आणि चंदगड तालुक्यांत वावरत आहेत. ऊस, भात, केळी, नारळ, काजू यांपैकी त्यांनी काही सोडलेले नाही. शिवाय गवे आहेतच. मीही येतो म्हणालो. "चल की. पण बोलायचं न्हाई, आणि मी सांगितल्याबिगर बॅटरी मारायची न्हाई," एवढी अट मामांनी घातली.

माळा शेताच्या वरच्या बांधावर होता. चार खांब, वर बांबूची चवड, त्यावर पिंजार आणि छपराला गवत. पलीकडच्या झाडाला पत्र्याचा एक डबा टांगलेला होता आणि त्याची दोरी माळ्यापर्यंत आणलेली होती. ती ओढली की डबा खडखडतो. शेजारच्या शिवारातूनही अधूनमधून तसाच खडखडाट आणि लांबट हाळी ऐकू येई, आणि मामा तिला उत्तर देत. दव पडू लागले तसा पिकलेल्या घनसाळचा वास वर येऊ लागला. ताटातल्या भाताचाच तो वास, पण त्यात ओल्या मातीचा आणि गवताचा दर्प मिसळलेला. थंडी चांगलीच होती आणि बांबू पाठीला रुतत होते, तरी अशी जागा मला कोणत्याही निसर्ग-निवासात मिळाली नसती, असे मी मनापासून म्हणेन. मामा मात्र हे सारे सुगीभर, दिवसाचे काम उरकून करतात.

पहाटेच्या सुमारास खालच्या बाजूला बांबूचे बेट कडकडले. मामांनी डबा वाजवला, शेजाऱ्यांनी फटाके लावले, बॅटऱ्यांचे झोत इकडून तिकडे फिरले. हत्ती मला दिसला नाही. बऱ्याच वेळाने मामा एवढेच म्हणाले, "गेला वढ्याकडनं."

उजाडल्यावर खाली गेलो. घनसाळची पट्टी मधोमध आडवी झाली होती आणि चिखलात परातीएवढे पाय उमटले होते. मामी आधीच तेथे ओणव्या होऊन तुडवलेल्या ताटांतून लोंब्या वेचत होत्या. एकेक लोंबी त्या बोटांनी चाचपत. दाणे भरलेली ओटीत जाई, पोचट बांधावर. पुढच्या वर्षीचे बियाणे याच पट्टीतून काढायचे होते, हे मला त्या वेळी कळले. मीही वेचू लागलो, तेव्हा त्यांनी चिखलातली लोंबी कशी झाडायची ते दाखवले. दुपारी वनरक्षक आले, टेप लावून पंचनामा झाला. भरपाई ठरते ती क्षेत्र मोजून. पिढ्यान्‌पिढ्या घरातच राखलेल्या बियाण्याचे मोल त्यात कोठे धरायचे, हे मला समजेना, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. शेजारच्या घरातून संध्याकाळी निरोप आला, की बियाणे कमी पडले तर पायलीभर आमच्याकडून न्या.

उरलेला मुक्काम कापणीत आणि झोपेत गेला. निघताना मी तांदूळ विकत मागितला. मामींनी पैसे घेतले नाहीत आणि तांदूळही दिला नाही. "यंदा ऱ्हाऊ दे," म्हणाल्या. तो नकार मला फार पटला.

कोल्हापूरच्या दुकानात घनसाळ म्हणून मिळणारा प्रत्येक तांदूळ घनसाळ असतोच असे नाही. ज्यांना खरा हवा आहे, त्यांनी आजऱ्यापर्यंत जावे, पिकवणाऱ्याकडूनच घ्यावा, भावात घासाघीस करू नये आणि मिळाल्यास जुना मागावा. नव्याचा भात चिकट होतो.