होस्टनेमवरून आयपी काढताना : माझा अनुभव

फायरवॉलचे, म्हणजे नेटवर्कवर कुठलं कनेक्शन जाऊ द्यायचं आणि कुठलं अडवायचं याचे, नवे नियम लावायचे होते. फायरवॉल सांभाळणाऱ्या टीमला आयपी पत्ते (मशीनचे आकडी पत्ते) हवे होते आणि माझ्याकडे होती नुसती होस्टनेम (मशीनची नावं), नोटपॅडमध्ये साठवलेली, 214. एकेक नाव एनएसलुकअप या पत्ता शोधणाऱ्या कमांडला देत बसण्याऐवजी बॅशमध्ये (लिनक्सच्या कमांड-भाषेत) छोटा लूप लिहिला: फाइलमधून नाव वाचायचं, ‘डिग +शॉर्ट’ या पत्ता विचारणाऱ्या कमांडला द्यायचं, नाव आणि पत्ता शेजारी छापायचा.

जवळपास सगळ्या नावांपुढे रिकामी जागा! यादीतलंच नाव हाताने टाइप केलं की उत्तर लगेच हजर. तासभर मी डीएनएस सर्व्हरवर, म्हणजे नावांचे पत्ते सांगणाऱ्या सर्व्हरवर, संशय घेत राहिले. मग फाइल दाखवणाऱ्या ‘कॅट’ कमांडला मोठ्या ‘ए’चा पर्याय लावून फाइल पाहिली, तेव्हा ओळींच्या टोकाला एरवी न दिसणारं कॅरेज रिटर्न नावाचं अक्षर सापडलं. विंडोज ओळ संपवताना दोन अक्षरं टाकतं, लिनक्स एकच. ते जास्तीचं अक्षर नावाला चिकटून जात होतं आणि तशा नावाची नोंद कुठेच नव्हती. ‘टीआर’ या अक्षरं बदलणाऱ्या-काढणाऱ्या कमांडने ते काढलं. आता पत्ते आले, पण 213 नावांचेच. शेवटच्या नावानंतर एंटर दिलेला नव्हता. लूपमध्ये ओळ वाचणारी ‘रीड’ कमांड ते नाव वाचायची, पण फाइल संपल्याचं कळवायची, आणि लूप तिथेच थांबायचा.

तेही दुरुस्त झाल्यावर यादी पाठवणारच होते. सहज एका सर्व्हरवर चालू कनेक्शनं पाहिली, तर डेटाबेसशी प्रोग्रॅम जोडलेला होता तो वेगळ्याच पत्त्यावर. डिग थेट डीएनएसला विचारतं. प्रोग्रॅम मात्र ‘एनएसस्विच.कॉन्फ’ या सेटिंगच्या फाइलमधल्या क्रमाने जातात, आणि त्यात बहुधा ‘/ईटीसी/होस्ट्स’ ही त्या मशीनवरचीच नावं-पत्त्यांची फाइल आधी असते. तिथे कुणीतरी कधीकाळी लिहिलेली ओळ अजून लागू होती. डिगच्या भरवशावर राहिले असते, तर फायरवॉलने नेमकं तेच कनेक्शन अडवलं असतं. आपल्याला हवा असतो तो त्या मशीनवरच्या प्रोग्रॅमला मिळणारा पत्ता.

म्हणून त्याच क्रमाने पत्ता शोधणारी ‘गेटएंट एहोस्ट्सव्ही4’ कमांड वापरली, तीही माझ्या लॅपटॉपवर नाही, त्या त्या सर्व्हरवर. ही कमांड एकच पत्ता तीनदा छापते, कनेक्शनच्या तीन प्रकारांसाठी. त्यातल्या ‘स्ट्रीम’च्या ओळी तेवढ्या ठेवल्या. डिगची उत्तरं शेजारच्या रकान्यात राहू दिली. दोन्ही जुळत नव्हती अशी 7 नावं निघाली. ते सर्व्हर सांभाळणाऱ्यांना एकेक करून फोन केले आणि मगच यादी पुढे पाठवली.