पेशी नायट्रेटला उत्तर देते, की नुसत्या प्रवाहाला?

मुळाला नायट्रेट, म्हणजे वनस्पतीचं नत्रयुक्त अन्न, मिळाल्यावर पहिल्या मिनिटाभरात पेशीत काय घडतं, हे मला डोळ्यांनी बघायचं होतं. अगारच्या, म्हणजे जेलीसारख्या माध्यमाच्या, थाळीत ते अवघड जातं. द्रावण बदलायला रोप हलवावं लागतं, आणि नुसत्या स्पर्शानेही मुळाच्या पेशींत कॅल्शियम, म्हणजे पेशीचा आतला संकेत, उसळतं. म्हणून मूळ जागच्या जागी ठेवून भोवतालचं पाणी बदलणारी मायक्रोफ्लुइडिक (केसासारख्या बारीक वाहिन्यांची) चिप घेतली. 'रूटचिप' २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. आमची चिप तिचंच साधं रूप.

चिप ओतणं सोपं आहे. पीडीएमएस हे पारदर्शक सिलिकॉन रबर आणि त्याचा क्युअरिंग एजंट (ते घट्ट करणारं रसायन) १०:१ प्रमाणात मिसळायचा, निर्वातात बुडबुडे काढायचे, साच्यावर ओतून ओव्हनमध्ये घट्ट करायचं आणि ऑक्सिजन प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) देऊन काचेला चिकटवायचं. प्लाझ्मानंतर लगेच वाहिन्या पाण्याने भराव्यात. उशीर झाला की पृष्ठभाग पुन्हा पाणी झिडकारू लागतो आणि हवा अडकते.

खरी निगा रोपांची. अ‍ॅराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत नेहमी वापरल्या जाणाऱ्या छोट्या रोपाचं बी अगार भरलेल्या, आखूड कापलेल्या पिपेट टिपमध्ये पेरायचं. मुळाचं टोक खालून बाहेर पडण्याआधी ती टिप चिपच्या भोकात बसवायची, मग मूळ आपणहून वाहिनीत शिरतं. हे मूळ जेमतेम ०.१ ते ०.१५ मिलिमीटर जाड असतं. चिमट्याने ओढून आत घालायचा विचारही करू नये.

सगळ्यात जास्त वेळ मी कंट्रोलवर, म्हणजे तुलनेसाठीच्या चाचण्यांवर, दिला, आणि तो द्यायलाच हवा. रोपांत जीकॅम्प हा कॅल्शियमदर्शक होता. कॅल्शियम वाढलं की त्याची चमक वाढते. पण पंपाचा धक्काही चमक वाढवू शकतो. म्हणून आधी चालू असलेलंच द्रावण दुसऱ्या नळीतून सोडलं, मग पोटॅशियम क्लोराइड, आणि शेवटी तितक्याच तीव्रतेचं पोटॅशियम नायट्रेट. प्रवाहाचा वेग तिन्ही वेळा सारखा. पोटॅशियम दोन्ही क्षारांत आहे, त्यामुळे फरक दिसला तर तो नायट्रेटकडे बोट दाखवतो.

नळी बदलताना बारीकशी चमक आली, ती लगेच विरली. क्लोराइडलाही तसंच. नायट्रेटची लाट मात्र स्पष्ट मोठी होती आणि जास्त टिकली. नायट्रेटमुळे कॅल्शियमचा संकेत उमटतो हे २०१७ मध्ये दाखवलं गेलं आहे आणि एनएलपी७ हे प्रथिन नायट्रेट थेट ओळखतं हे २०२२ मध्ये. तरीही पहिले दोन आलेख शेजारी नसते, तर तिसऱ्यावर मी विश्वास ठेवला नसता.