घर असताना गाडीत कशाला झोपायचं?

गाडीतच राहायच्या आमच्या सहलीचे पहिले तीन दिवस एका दमात उरकतो. बेळगावातून निघालो, गोकाकचा धबधबा १७१ फुटांवरून मार्चमध्ये जितका पडायचा तितका पडत होता, म्हणजे नळ नीट बंद न केल्यासारखा. धुपदाळच्या बंधाऱ्यावर रंगीत करकोचे दिसले, कांड्या करकोचे आमची वाट न बघता उत्तरेला निघून गेलेले. गोकाकला दोन किलो करदंट घेतला (शुगर आहे, माहितीये, गप्प बसा). मग उलटं फिरून खानापूर आणि हलशी. हलशीला भूवराह नरसिंहाच्या देवळात दोन गाभारे समोरासमोर आहेत, ते बघून आमची ही म्हणाली, "आपल्या गाडीतल्या बाकांसारखे की ओ, दोघांनी एकमेकांची तोंडं बघत बसायचं." कदंबांच्या राजधानीत येऊन हा शेरा.

आता गाडीबद्दल. लेक अमेरिकेत कोलोराडोला असते, तीन वर्षांपूर्वी तिच्याकडे गेलो तेव्हा जावयानं आठ दिवस आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, भाड्यानं घेतलेली. मला ते प्रकरण इतकं आवडलं की काय सांगू. कॅम्पग्राउंडमध्ये नंबर लावलेली जागा, तिथंच विजेचा प्लग, पाण्याचा नळ, घाण पाण्याची नळी जोडायला वेगळं भोक, या जोडणीला तिकडं हुकअप म्हणतात. शेजारचा म्हातारा लांबनं हात हलवणार, बस्स. तुम्ही कोण, कुठले, पोरं किती, काहीऽऽ विचारत नाही. कुणाचा कुणाला त्रास नाही. मी छत्तीस वर्षं बँकेच्या काउंटरवर बसून माणसं बघितलेली, मला तर तो स्वर्गच वाटला. रिटायर झाल्यावर सेकंडहँड टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, सीटा काढल्या, घडीचा पलंग, दोन बर्नरची शेगडी, ऐंशी लिटरची टाकी, टपावर सोलर. एकूण खर्च पाच लाख ऐंशी हजार, हा आकडा मला पाठ नाही पण हिला आहे, आणि ती तो चारचौघांत सांगते.

तर चौथ्या दिवशी जांबोटी सोडून कणकुंबीच्या रस्त्याला लागलो. मला हवा होता राखी धनेश, म्हणजे मलबार ग्रे हॉर्नबिल. चार वर्षं मागे लागलोय, दरवेळी नुसतं हसणं ऐकू येतं, ओरडतो तो अगदी कुणीतरी खदाखदा हसल्यासारखा, आणि दिसत मात्र नाही. भीमगड अभयारण्यात रात्री गाडी लावू देत नाहीत, बरोबरच आहे, म्हणून अलीकडच्या एका वाडीत शेवटच्या घराशेजारी मोकळं शेत बघितलं आणि म्हटलं विचारून इथंच लावू.

गाडी थांबली तशी चारही बाजूंनी माणसं पळत आली. पळत! एक बाई तर हात पिठाचे तसेच घेऊन. "कोण ओ? कोण आजारी?" पांढरी टेम्पो ट्रॅव्हलर, वाडीत अशी गाडी येते ती आंबुलन्सच. आजारी कुणी नाही, आम्ही फिरायला आलोय, हे पटवून देईपर्यंत पाच मिनिटं गेली आणि पटल्यावर लोक थोडे नाराजच झाले असं मला वाटलं.

शेवटच्या घरातली आजी ऐंशीच्या पुढची असणार. मी नम्रपणे म्हटलं, आजी, रात्रीपुरती तुमच्या शेतात गाडी लावू का?

"लाव की. आणि तुम्ही?"

"आम्ही गाडीतच झोपतो."

आजीनं गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग हिच्याकडे. "का? माझ्या घराला काय झालंय?"

मी म्हटलं तसं नाही ओ, गाडीत सगळी सोय आहे, पलंग आहे, शेगडी आहे, तुम्हाला उगाच त्रास नको.

"त्रास कसला त्यात? घर असताना गाडीत झोपतात काय, बाळा? उद्या लोक काय म्हणतील, म्हातारीनं पावण्यांना रस्त्यावर निजवलं!"

चौसष्टाव्या वर्षी मला कुणीतरी बाळा म्हटलं. तरी मी हट्टाला पेटलो, खरं सांगतो, पाच लाख ऐंशी हजार घातलेत ते काय दुसऱ्याच्या सोप्यात झोपायला? कोलोराडोतल्या म्हाताऱ्यानं मला कधी असं अडवलं नव्हतं. मी अजून मुद्दे मांडतोय तोवर ही चपला काढून आत गेलेलीसुद्धा, आणि चुलीपुढं बसून कोवळा फणस चिरायला लागलेली.

मग व्यवहार असा ठरला (मला न विचारता) की आम्ही सोप्यात झोपायचं आणि आजीची तीन नातवंडं आणि त्यांचे गल्लीतले दोस्त गाडीत. पोरांनी गोठ्यातनं वायर ओढून गाडीला जोडली. हेच आमचं हुकअप.

जेवण फणसाची भाजी, कुळथाची आमटी, तांदळाची भाकरी. माझ्या दोन बर्नरवर या जन्मात असलं काही होणार नाही, हे मी त्या रात्री हिच्यापुढे कबूल केलं नाही, इथं करतो. जमीन सारवलेली, वर वाकळ, आणि आजी नि ही अंधारात कितीतरी वेळ बोलत होत्या. मी झोपलोय असं त्यांना वाटलेलं.

"लेक कुठं असती?"

"अमेरिकेत."

"किती लांब?"

"विमानानं वीस-बावीस तास."

आजी थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "माझा ल्योक गोव्यात हाय. चोर्ला घाट उतरला की आलंच. तरी गणपतीलाच येतोय." मग दोघी हसल्या की काय, मला नीट कळलं नाही, अंधारात हसणं आणि दुसरं काही सारखंच ऐकू येतं.

सकाळी साडेसहाला मी दुर्बीण, कॅमेरा, टोपी, सगळा सरंजाम घेऊन जंगलाच्या दिशेनं निघालो. आजी गोठ्यात धार काढत होती. कुठं चाललास? म्हटलं, पक्षी बघायला, धनेश, मोठी चोच, खदाखदा हसतो.

"ते व्हय? डोकं उठवतंय सकाळधरनं. परड्यात बस की."

परड्यामागं किंजळीचं जुनं झाड आणि त्याला वीस-पंचवीस फुटांवर ढोली. आजीनं मला गोठ्याच्या उंबऱ्यावर बसवलं, पुढं जाऊ देईना, "जवळ गेलास तर दिसभर येणार न्हाई त्यो." पाऊण तास गेला. ही आणि आजी चहा घेऊन शेजारी येऊन बसल्या. आणि आला! लालसर, टोकाला पिवळी चोच, राखी अंग, ढोलीपाशी चिकटून बसला, मान हलवून घशातनं एकेक उंबर वर काढायचा आणि फटीतनं आत द्यायचा. आत मादी. दार लिंपून घेतलेलं, फक्त चोच बाहेर येईल इतकी फट, तिथनंच जवळपास तीन महिने नवऱ्याच्या हातचं खायचं.

"बायकोला कोंडून घातलंय बघ," आजी म्हणाली.

मी पुस्तकी माहिती दिली की नर कोंडत नाही, मादी स्वतःच आतून विष्ठेनं लिंपून घेते. ही म्हणाली, "शहाणी आहे. तीन महिने स्वयंपाक नाही, पावणे नाहीत." फोटो काढायचा राहिला. चार वर्षं वाट बघितली आणि कॅमेरा मांडीवर तसाच, हातात चहाचा कप.

निघताना गाडी बघितली तर ऐंशी लिटरची टाकी कोरडी, गादीवर लाल मातीचे पाय. मी जरा चिडलोच. पण आजी हिच्या ओटीत आमसोलं घालत होती आणि दोन फणस कुणीतरी आधीच मागच्या दारातनं आत ठेवलेले, त्यामुळे बोलायची सोय राहिली नाही. कणकुंबीला मलप्रभेचा उगम, माउलीचं देऊळ बघितलं. पुढं तीनशे किलोमीटर जाऊन कृष्णेला मिळणारी नदी, इथं एवढीशी.

संध्याकाळी असोग्याला नदीकाठी गाडी लावली. एकदम मनासारखी जागा. पाणी, झाडं, माणूस नाही. शेगडीवर मॅगी केली. आठ वाजले, साडेआठ वाजले. ही म्हणाली, "कुणी विचारायला पण येईना की ओ."

मी काही बोललो नाही, गाडी सुरू केली. पावणेदहाला टिळकवाडीत घरी.

दुसऱ्या दिवशी गाडी आवरताना करदंटाचा डबा उघडला. करदंट एक तुकडासुद्धा नाही. आत सात गोट्या.