मियाटाचा दुसरा गिअर आणि अकरा दिवसांचं गॅरेज

गॅरेजची ती पावती अजून माझ्या गाडीच्या ग्लव्ह बॉक्समध्ये आहे. तपासणीचे १८५ डॉलर. खाली पेनाने लिहिलंय, दुसऱ्या गिअरचा सिंक्रो (गिअर पडताना वेग जुळवून देणारा भाग) गेला आहे, गिअरबॉक्स उघडावा लागेल किंवा बदलावा लागेल, अंदाजे खर्च ३,२०० डॉलर. पावती हाताला लागली की आजही डोकं तापतं, कारण तोच गिअरबॉक्स आज त्याच गाडीत आहे आणि दाराचा एखादा चांगला बोल्ट सरकावा तसा दुसरा गिअर पडतो.

गाडी १९९५ची माझदा मियाटा. दोनच सीट, मागच्या चाकांना ताकद, १.८ लिटरचं इंजिन, पाच गिअर. १९८९ साली शिकागोच्या ऑटो शोमध्ये ही गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली, तेव्हापासून तिच्या गिअरचं कौतुक होत आलंय आणि ते खरं आहे. गिअरची दांडी सरळ गिअरबॉक्सच्या डोक्यावरच बसवलेली असते, मध्ये केबल नाहीत. मनगट जरा हललं की गिअर पडतो. म्हणूनच आत काही बिनसलं की ते तळहाताला आधी कळतं.

मला कळलं नोव्हेंबरात. इथे न्यू जर्सीत सकाळी थंडी पडायला लागली आणि पहिल्यातून दुसऱ्यात जाताना दांडी अडायला लागली. या गाड्यांचा दुसरा गिअर थंडीत कडक असतो हे सगळेच मियाटावाले सांगतात, म्हणून मी दुर्लक्ष केलं. जानेवारीत मात्र गाडी गरम झाल्यावरही तेच व्हायला लागलं. रिव्हर्स टाकताना खर्रर्र आवाज. सिग्नलला उभं असताना पहिला गिअर ढकलून टाकावा लागायचा.

आधी मी गिअर ऑइल बदललं. आत कुठलं होतं ते आधीच्या मालकाच्या बिलावर सापडलं, ७५डब्ल्यू-९० (हा तेलाचा दाटपणा), पण जीएल-५ (ही त्यातल्या रसायनांची प्रत). कंपनीच्या पुस्तकात तेही चालतं, तरी मी जीएल-४ घातलं आणि पुन्हा तेच घालेन. सिंक्रोच्या पितळी रिंगला गिअरचा वेग जुळवायला थोडं घर्षण लागतं. जीएल-५ मधली जास्तीची रसायनं मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या डिफरन्शियलच्या दातांसाठी असतात, पितळेला त्यांचा उपयोग नाही. दोन लिटर तेल, एका दुपारचं काम. थोडा फरक पडला. दोन आठवड्यांनी पुन्हा तेच.

मग मी गाडी गॅरेजला दिली. गॅरेजचं नाव लिहीत नाही.

सोमवारी सकाळी सोडली. काउंटरवरचा माणूस म्हणाला, बुधवारपर्यंत फोन करतो. मी त्याला तीन गोष्टी लिहून दिल्या होत्या. गरम गाडीतही त्रास होतो, रिव्हर्सला आवाज येतो, आणि क्लच जमिनीच्या अगदी जवळ पकडतो. ती तिसरी ओळ कुणीही नीट वाचली असती तर माझे सगळे दिवस वाचले असते. बुधवारी फोन नाही. गुरुवारी मी केला, तर ‘मेकॅनिक बघतोय’. शुक्रवारीही ‘मेकॅनिक बघतोय’. शनिवारी मी स्वतः गेलो. सोमवारी जिथे लावली होती तिथेच गाडी उभी, छतावर बर्फाचा थर, टायरभोवतीच्या बर्फावर एक खूण नाही. काउंटरवर विचारलं तर उत्तर आलं, लिफ्ट रिकामी नव्हती. लिफ्ट रिकामी नाही हे मला मान्य होतं. दोन दिवस फोनवर ‘बघतोय’ का सांगितलं, याचं उत्तर मला मिळालं नाही.

अकराव्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी, फोन आला. सिंक्रो गेलाय. मी विचारलं, गिअरबॉक्स उघडून पाहिला का? नाही, चालवून पाहिली. क्लचचं काय? ‘क्लच ठीक आहे, पेडल कडक आहे.’ स्लेव्ह सिलिंडर (पेडलकडून आलेल्या तेलाच्या दाबाने क्लच सोडवणारा भाग) पाहिला का? तर तो पुन्हा म्हणाला, पेडल कडक आहे. गाडी देताना मी ओडोमीटरचा फोटो काढून ठेवला होता. आणताना पाहिलं, अकरा दिवसांत गाडी तीन मैल चालली होती. तीन मैलांवर त्यांनी ३,२०० डॉलरचा निकाल दिला होता. गाडी गॅरेजला देताना ओडोमीटरचा फोटो काढा, हे मी आता प्रत्येकाला सांगतो.

पैसे भरले आणि निघालो. घराजवळच्या सिग्नलला पहिला गिअर पडेना. मागे गाड्यांची रांग, एकाने हॉर्न वाजवला. घाईत मी क्लच दोनदा दाबून सोडला आणि तिसऱ्यांदा दाबून दांडी ढकलली. गिअर अलगद पडला. पुढच्या सिग्नलला मुद्दाम तेच केलं. एकदा दाबून पडत नाही, तीनदा दाबला की पडतो.

घरी पोचल्यावर अंगणातच इंजिन बंद करून पाचही गिअर टाकून पाहिले. एकही अडला नाही. इंजिन चालू केलं, पुन्हा कडक. म्हणजे क्लच पूर्ण सुटत नव्हता. पेडल तळाला नेलं तरी इंजिन गिअरबॉक्सच्या आतल्या शाफ्टला थोडं फिरवतच राहत होतं, आणि बिचारी पितळी रिंग फिरत्या इंजिनाशी झटत होती. पहिल्या आणि दुसऱ्या गिअरच्या वेगात फरक सगळ्यात मोठा असतो, म्हणून दुसऱ्याची तक्रार आधी ऐकू येते. पेडल पंप केल्यावर सुधारतंय, म्हणजे दोष तेलाच्या दाबात.

दुसऱ्या दिवशी गाडी स्टँडवर चढवली. (जॅक फक्त उचलायला. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली जाऊ नका.) स्लेव्ह सिलिंडर बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लच झाकणाऱ्या आवरणाच्या, बाहेरच, इथल्या गाड्यांत उजव्या बाजूला, दोन बोल्टांवर बसलेला असतो. त्याच्या टोकाला रबरी टोपी असते. ती बोटाने मागे सारली आणि काळं तेल माझ्या मनगटावरून ओघळलं, म्हणजे स्लेव्ह गळत होता. हे पाहायला टॉर्च पुरते आणि दोन मिनिटं. गाडीखाली पडून होतो तसाच मी बायकोला ओरडून सांगितलं, सापडलं! ती स्वयंपाकघरातून बाहेर आली, मला वाटतं आवाज ऐकून घाबरूनच.

स्लेव्हबरोबर मास्टर सिलिंडरही (पेडलला जोडलेला, तेलाचा दाब तयार करणारा) बदला. नवा स्लेव्ह दाब नीट धरायला लागला की जुन्या मास्टरची रबरं काही महिन्यांत मान टाकतात, असं मला दोन जुन्या मियाटावाल्यांनी सांगितलं होतं. माझ्या मास्टरमधलं तेलही शाईसारखं काळं होतं, म्हणजे रबर झिजत होतंच. दोन्ही मिळून ११० डॉलर लागले. मास्टर काढायला डॅशखाली डोकं खाली आणि पाय सीटवर अशा अवस्थेत राहावं लागतं, बाकी काही अवघड नाही.

तेलात शिरलेली हवा काढण्यात मात्र शनिवार गेला. बायको पेडलवर, मी खाली. ‘दाब. धरून ठेव.’ मी निपल (स्लेव्हवरचा हवा काढायचा स्क्रू) उघडायचो, बंद करायचो, ‘सोड’. चाळीस-पन्नास वेळा केलं. अंधार पडला तरी पेडल मऊच. चूक माझी होती. मास्टरवरची तेलाची डबी अगदी लहान असते, पाच-सहा दाबांत पातळी खाली जाते, आणि एकदा डबी रिकामी झाली की नवी हवा आत. मी दहा-दहा दाबांनी एकदा तेल घालत होतो.

पुढच्या रविवारी दुसरी पद्धत केली आणि ती वीस मिनिटांत झाली. स्लेव्हचे बोल्ट सोडवले, नळी जोडलेलीच ठेवली, निपल सगळ्यात वर येईल असा तो हातात धरला आणि त्याची दांडी अंगठ्याने सावकाश आत दाबली. वर डबीत बुडबुडे येताना बायकोने मोजले, नऊ. मग दांडी हळूच बाहेर येऊ दिली, पुन्हा दाबली. बुडबुडे थांबल्यावर बोल्ट लावले आणि नेहमीच्या पद्धतीने तीन-चार दाब दिले. स्लेव्ह सुटा असताना पेडलला कुणीही पाय लावायचा नाही, पिस्टन उडून बाहेर येतो. आणि क्लचमध्ये घालतात ते ब्रेक ऑइल रंग खातं. सांडलं की लगेच पाणी ओता.

इंजिन चालू करून क्लच दाबला आणि रिव्हर्स टाकला. आवाज नाही. पुन्हा टाकला. मी गाडी बाहेर काढून दोन तास नुसता फिरत राहिलो, गरज नसताना गिअर बदलत. इतका आनंद मला गाडी विकत घेतली त्या दिवशीही झाला नव्हता.

ज्यांना गिअर ऑइल बदलायचंय त्यांच्यासाठी आधी लिहायचं राहिलं ते इथे लिहितो. तेल काढायच्या नटाला हात लावण्याआधी भरायचा नट उघडतोय याची खात्री करा. तो बाजूला असतो आणि वर्षानुवर्षं न उघडल्याने जाम होतो. आधी तेल काढून टाकलं आणि भरायचा नट उघडलाच नाही, तर गाडी जागची हलवता येत नाही.

गिअरच्या दांडीच्या बुडाशी, दांडीचा गोळा बसतो त्या खोबणीतही वेगळं थोडं तेल असतं, जेमतेम अर्धी वाटी. गिअरबॉक्सचं तेल बदललं तरी ते बदललं जात नाही. माझ्या खोबणीत ते पार आटलं होतं, खालचा रबरी बूट फाटलेला होता आणि नायलॉनच्या बुशचे दोन तुकडे झाले होते. उन्हाळ्यात तिथून गरम हवा आणि तेलाचा वास गाडीत यायचा, तो का ते तेव्हा कळलं. हे सगळं गाडीच्या आतूनच होतं, खाली झोपावं लागत नाही.

परवा सकाळी उणे नऊ होतं. पहिली दहा मिनिटं दुसरा गिअर जरा जड होता, तेवढं या गाडीत राहणारच. पण खर्र आवाज नाही, धक्का नाही. नव्या स्लेव्हची रबरी टोपी मी दर महिन्याला मागे सारून बघतो. अजून कोरडी आहे.