तुम्ही विचारलंत म्हणून: एका कोड्याला दोन शीट कशाला?

"एकाच शीटमधून कापायचं, मग तुकडे ढिले कसे? आणि घट्ट हवं म्हटलं की तुम्ही दोन शीटचे पैसे का लावता?" अ‍ॅक्रिलिकच्या लेझरनं कापलेल्या जिगसॉ कोड्यांबद्दल हे दोन प्रश्न इतक्यांदा आलेत की आता एकदा लिहूनच टाकतो.

तुमच्या हिशोबात रेघेला जाडी नाही. लेझरच्या रेघेला असते. तेवढं अ‍ॅक्रिलिक वाफ होऊन एक्झॉस्टमधून निघून जातं. दोन इंची लेन्सवर, ३ मिमी शीटला ही फट, म्हणजे कर्फ, माझ्या मशीनवर ०.२० मिमी भरते. सुताराच्या मापात सुताचा सोळावा हिस्सा. दिसायला काहीच नाही, पण दोन तुकड्यांची हद्द एकच असते आणि लेझर त्या हद्दीचा बांध दोन्हीकडून ०.१० कोरतो. दोन्ही शेजाऱ्यांचं नुकसान होतं आणि भांडायला तिसरा कोणी सापडत नाही.

ढिलेपणा मशीन खराब असल्यामुळे येत नाही, हे आधी मान्य करा. मग पुढचं बोलू.

मीही पूर्वी मशीनलाच दोष द्यायचो. दीड इंची लेन्स लावा, फोकस बारीक करा, कर्फ कमी होईल, असं लोकांना छातीठोक सांगायचो. कमी होते, शून्य होत नाही. आणि त्या लेन्सची फोकसची खोली कमी, त्यामुळे शीट जरा वाकडी असली की अर्धे तुकडे खालून सुटतच नाहीत. कोणी म्हणतं, निळा डायोड लेझर स्वस्त आहे, त्यावर करा. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकमधून तो उजेड काचेतून जावा तसा आरपार जातो. इथे १०.६ मायक्रॉन तरंगलांबीचा कार्बन डायऑक्साइड लेझरच लागतो. (तो १९६४ साली बेल लॅब्जमध्ये बनवणारे सी. कुमार एन. पटेल जन्मानं बारामतीचे, शिकले पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात. आपल्याकडे कटिंगवाल्यांनासुद्धा हे क्वचित माहीत असतं.)

मग उपाय काय, तर प्रत्येक तुकडा अर्ध्या कर्फनं बाहेर फुगवून कापायचा. म्हणजे लेझरनं खाल्ल्यावर तो मूळ मापाचा उरतो. पण एक फुगवला की शेजाऱ्याच्या जागेत घुसतो. म्हणून बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे ठरवायचे, एका शीटमधून फक्त पांढरे कापायचे, दुसरीतून फक्त काळे. उरलेले तुकडे दोन्ही बाजूंचे मिळून ०.४० नं आखूड पडतात, ते भंगार. दुसऱ्या शीटचे पैसे इथे जातात. दुसरी शीट म्हणजे दुसऱ्या गठ्ठ्यातली नव्हे, त्याच आठ बाय चार फुटीमधला शेजारचा भाग. कास्ट, म्हणजे साच्यात ओतलेल्या, शीटची जाडी कागदावर ३ असली तरी हातात २.७ येते, कधी ३.२. वेगळी शीट घेतली तर कोडं पायऱ्यापायऱ्यांचं होतं.

यात एक खोच आहे. चार तुकडे जिथे भेटतात तिथे पांढऱ्याला पांढरा तिरका चिकटलेला असतो. दोघांना फुगवलं की त्यांचे कोपरे एकमेकांवर चढतात आणि कापताना दोन्हींची टोकं उडतात. कोपऱ्यांना ०.७५ मिमी गोलाई दिली की सुटतात. बदल्यात तिथे बारीक भोक दिसतं. त्याबद्दलही विचारणा होते.

कर्फ मोजताना एकाच फटीत कॅलिपर घालू नका. १०० मिमीची पट्टी ११ रेघांनी कापा, १० तुकडे जवळ सरकवा, लांबी मोजा. ९८.० आली तर १० तुकड्यांनी २ मिमी गमावले, म्हणजे कर्फ ०.२०. आडवी आणि उभी, दोन्ही पट्ट्या करा, कारण बीम अगदी गोल नसतो. मग लाइटबर्नमध्ये, म्हणजे लेझर चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, कर्फ ऑफसेटला (रेघ जितकी बाहेर सरकवायची त्या मापाला) ०.१० टाका. बंद आकारालाच ते लागू होतं, रेघ उघडी राहिली असेल तर तो तुकडा फुगणार नाही.

आता 'जितकं घट्ट तितकं चांगलं' हे माझं मत ज्या जॉबनं बदललं त्याबद्दल. १२ बाय ८, म्हणजे ९६ तुकडे, प्रत्येकी २५ मिमी, भोवती त्याच अ‍ॅक्रिलिकची नेमक्या मापाची चौकट. ऑफसेट ०.१० वर ठेवून दोन तुकडे जोडून पाहिले, ठीक वाटले, पण मजा नाही. ०.१२ केलं. दोन तुकडे 'टक्' करून बसले, एक उचलला की दुसरा सोबत आला. झालं, हेच माप, म्हणून सगळं कापलं.

चूक तिथेच झाली. ०.१२ वर प्रत्येक तुकडा ०.०४ नं मोठा. दोन तुकड्यांत ते बोटांना हवंहवंसं वाटतं. बाराच्या रांगेत ते ०.४८ होतं, आणि ३०० मिमीच्या चौकटीत अर्धा मिलिमीटर जास्तीचा कुठे जाणार? वर. सातव्या-आठव्या तुकड्यापासून रांग भाजलेल्या पापडासारखी उचलली जाऊ लागली, मधोमध सहा-सात मिमी. हातानं दाबून बसवली. बसलीही. मग कडेचा धूर पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलं. तुकड्याचं जे गोल डोकं शेजाऱ्यात अडकतं त्याच्या मानेपाशी, जिथे तुकडा सगळ्यात अरुंद आणि ताण सगळ्यात जास्त, तिथे केसासारख्या पांढऱ्या रेघा उठल्या. एकाला, मग पाचांना. दोन माना मोडून चौकटीतच राहिल्या.

अल्कोहोलनं अ‍ॅक्रिलिक फुटतं हे तेव्हा मला ठाऊक होतं, उगाच अज्ञानाचं सोंग आणत नाही. कापताना कडेला ताण राहतो, तो दाबून वाढवला, वर अल्कोहोल ओतलं. साबणाचं पाणी पुरलं असतं. ओव्हनमध्ये ८० अंशांवर दोन-तीन तास ठेवून सावकाश थंड केलं असतं तर आणखी बरं. पण ०.४८ तरीही ०.४८ च राहिलं असतं.

तेव्हापासून ऑफसेट ०.०९. प्रत्येक जोडाला ०.०२ मोकळे, बारांत मिळून ०.२४. दोन तुकड्यांत थोडं सैल लागतं, पूर्ण कोडं एका कोपऱ्याला धरून सरकवलं तर अखंड सरकतं. तपासायचं तर पूर्ण एक रांग कापून तपासा. दोन तुकडे खोटं बोलतात.

डोकं मात्र तरीही कधी सैल राहतं. वळणावर मशीन मंदावतं, उष्णता साचते, फट तिथे रुंद होते. ८० वॉटच्या ट्यूबला ३ मिमी शीट सेकंदाला २० मिमी वेगानं जातं, मी १२ वर आणून पॉवर त्या बेतानं उतरवतो, म्हणजे सरळ रेघ आणि वळण यांत फरक कमी पडतो. किमान पॉवरही वळणावर मोजून खाली आणायची.

कापाच्या कडा उभ्या नसतात, किंचित उतरत्या असतात. काळा गट आरशातल्यासारखा उलटा करून कापला आणि पालथा बसवला तर उताराला उतार भिडतो, फट जवळजवळ दिसेनाशी होते. पण मग पांढरे आधी आणि काळे नंतर वरूनच, असा क्रम पाळावा लागतो. ते कोडं की कपाटाचं कुलूप, हे माझं अजून ठरलेलं नाही.

आणि लाकडी ट्रे मागाल तर मी चारी बाजूंनी १ मिमी सोडणार. ३०० मिमी अ‍ॅक्रिलिक वीस अंशांच्या फरकानं ०.४ मिमी वाढतं, लाकूड तेवढं वाढत नाही. हे सांगून झाल्यावर लोक ट्रे हलवून बघतात आणि विचारतात, ट्रेमध्ये ढिलं का?