तुम्ही विचारलंत म्हणून: तरुण आमदाराने दिल्लीला जावं का?

लोकसभेचं वारं सुटलं की हा प्रश्न येतो, आणि दरवेळी उशिरा येतो. उमेदवारांची यादी दोन आठवड्यांवर आलेली असते, वरून निरोप आलेला असतो, आणि मग कार्यकर्ते, चुलते, कधी थेट वडील विचारतात: पोरगं पहिल्या-दुसऱ्या टर्मचा आमदार आहे, वय चाळिशीच्या आत, लोकसभा लढवू द्यावी का? दिल्लीत गेला तर मोठा होईल, की हातचंही जाईल? हो की नाही एवढंच सांगा, असा आग्रह असतो. एका शब्दात उत्तर दिलं की अर्धं ऐकून माणसं निघून जातात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो.

पंचायत समिती, जिल्हा परिषद, आमदारकी, खासदारकी अशी चढती शिडी आहे, हे आधी डोक्यातून काढा. पहिल्या तीन पायऱ्यांवर कामाची जात एकच असते. तोच तहसीलदार, तोच ठाणेदार, महावितरणचा तोच उपअभियंता. शेतात डीपी जळाला की शेतकरी आमदाराला फोन लावतो, आमदार अभियंत्याला लावतो आणि दोन-चार दिवसांत रोहित्र येतं. वीज, पोलीस, महसूल, पाटबंधारे, शाळा, ग्रामीण रुग्णालय, सगळं राज्याचं. खासदाराच्या वाट्याला रेल्वेचा थांबा, राष्ट्रीय महामार्ग, पासपोर्ट, भविष्यनिर्वाह निधी आणि राष्ट्रीयीकृत बँका येतात. गाडीला थांबा मिळवायला दोन-दोन वर्षं पत्रं लिहावी लागतात, आणि थांबा मिळाला तरी श्रेय घ्यायला स्टेशनवर चार जण हार घेऊन उभे असतात. केंद्रीय विद्यालयातल्या प्रवेशासाठी खासदाराला वर्षाला १० शिफारशी करता यायच्या, त्याही २०२२ मध्ये बंद झाल्या. लोकांच्या हातात नेऊन देण्यासारखं तेवढंच काय ते होतं.

पैशाचा हिशेब तर कुणी मांडतच नाही. महाराष्ट्रात लोकसभेच्या ४८ जागा, विधानसभेच्या २८८, म्हणजे एका खासदाराच्या पोटात सहा आमदार. खासदार निधी वर्षाला ५ कोटी. राज्यात आमदारांचा स्थानिक विकास निधी २०२२ पासून ५ कोटी. म्हणजे कालपर्यंत एका तालुक्या-दीड तालुक्यात ५ कोटी वाटणारा माणूस आज तेवढ्याच रकमेत सहा मतदारसंघ सांभाळणार, दर विधानसभेला जेमतेम ८३ लाख. त्यातही १५ टक्के अनुसूचित जातींच्या आणि साडेसात टक्के अनुसूचित जमातींच्या वस्त्यांसाठी ठेवायचे, जे योग्यच आहे. कोरोनात, एप्रिल २०२० पासून दीड वर्षाहून जास्त काळ, हा निधीच थांबवला होता. ‘खासदार दिसत नाही, काम करत नाही’ म्हणणाऱ्या किती जणांनी हा भागाकार केलाय? माझी चिडचिड होते ती इथे.

आता हिंगोलीकडे येतो, कारण या प्रश्नाचं उत्तर मला दुसरीकडे कुठे इतकं स्पष्ट दिसत नाही.

हिंगोली लोकसभेत वसमत, कळमनुरी, हिंगोली, किनवट, हदगाव आणि उमरखेड हे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. किनवट-हदगाव नांदेड जिल्ह्यात, उमरखेड यवतमाळ जिल्ह्यात. म्हणजे तीन कलेक्टर, तीन एसपी, आणि उमरखेडचा विभागीय आयुक्त अमरावतीला, बाकीच्यांचा छत्रपती संभाजीनगरला. आमदाराला एक जिल्हा नियोजन समिती पुरते, इथे तीन आणि तिन्हींचे पालकमंत्री राज्याचे. केंद्राच्या योजनांवर देखरेख करणारी ‘दिशा’ समिती खासदाराच्या अध्यक्षतेखाली असते खरी, पण ज्या जिल्ह्यात एकाहून जास्त खासदारांचे मतदारसंघ शिरतात तिथे अध्यक्ष एकच, बाकीचे सहअध्यक्ष.

२००९ पासून हिंगोलीने निवडून दिलेला प्रत्येक खासदार आधी आमदार होता. २००९ ला सुभाष वानखेडे, हदगावचे माजी आमदार. २०१४ ला राजीव सातव, कळमनुरीचे. २०१९ ला हेमंत पाटील, नांदेड दक्षिणचे. २०२४ ला नागेश पाटील आष्टीकर, पुन्हा हदगावचे. चार निवडणुका, चार आमदार, आणि सलग दुसऱ्यांदा एकही नाही.

यातल्या सातवांचा प्रवास नीट बघा. पंचायत समिती, जिल्हा परिषद, मग २००९ ला कळमनुरीतून विधानसभा. पुढच्याच वर्षी ते युवक काँग्रेसचे राष्ट्रीय अध्यक्ष झाले. म्हणजे आमदारकी मराठवाड्यातली आणि पक्षाचं काम देशभरातलं, हे दोन्ही एकाच वेळी. २०१४ च्या जागावाटपात हिंगोली राष्ट्रवादीकडून काँग्रेसकडे आली आणि ते उभे राहिले. त्या मोदी लाटेत महायुतीने, म्हणजे तेव्हाच्या भाजप-शिवसेना आघाडीने, राज्यातल्या ४८ पैकी ४२ जागा घेतल्या. काँग्रेसच्या वाट्याला दोनच आल्या, नांदेड आणि हिंगोली. सातव १,६३२ मतांनी निवडून आले, वय ३९.

१,६३२ मतं म्हणजे साधारण एका बूथमागे एक मत. हा आकडा मी तरुणांना नेहमी सांगतो आणि ते दरवेळी चुकीचा अर्थ घेतात. ‘बघा, लाटेतही निघता येतं,’ म्हणतात. निघता येतं. पण आमदार असताना सातवांना कळमनुरीचं गाव न् गाव माहीत होतं, आणि लोकसभेचा निकाल किनवटच्या आदिवासी पाड्यांवर आणि उमरखेडच्या पैनगंगाकाठावरही तेवढाच अवलंबून होता. बाकीच्या पाच मतदारसंघांतली यंत्रणा दुसऱ्यांची असते. तिथल्या आमदाराने किंवा इच्छुकाने मनापासून काम केलं की नाही, हे मतमोजणीच्या दिवशीच कळतं.

दिल्लीत त्यांचा पक्ष ४४ वर आला होता, विरोधी पक्षनेतेपदही मिळालं नाही. सभागृहात बोलायचा वेळ पक्षाच्या संख्येवर ठरतो. चार तासांच्या चर्चेत ४४ जणांच्या वाट्याला साधारण वीस मिनिटं येणार, आणि त्यात ज्येष्ठ आधी. तरी सातवांनी प्रश्न विचारले, मुद्दे मांडले, संसदरत्न पुरस्कार मिळवला. पक्ष लहान असला की तरुणाला जागा लवकर मिळते, हेही इथे दिसलं. मग गुजरातची जबाबदारी आली. २०१७ च्या गुजरात निवडणुकीत काँग्रेस ७७ जागांपर्यंत गेली आणि २०१८ मध्ये ते त्या राज्याचे प्रभारी झाले.

आणि २०१९ ला गुजरातच्या जबाबदारीमुळे त्यांनी हिंगोली लढवली नाही. पक्षाने उमेदवारी कुणाला दिली? सुभाष वानखेडेंना. ज्यांना सातवांनी १,६३२ मतांनी हरवलं होतं, तेच आता काँग्रेसचे उमेदवार झाले. ते अडीच लाखांहून जास्त मतांनी हरले. त्याच वर्षी कळमनुरीची विधानसभाही शिवसेनेकडे गेली. दहा वर्षांत माणूस पंचायत समितीपासून राष्ट्रीय पदापर्यंत पोचला, आणि तो ज्या जमिनीवरून निघाला ती लोकसभा आणि विधानसभा दोन्ही पक्षाच्या हातून निसटल्या. २०२० ला ते राज्यसभेवर बिनविरोध गेले, त्याच सप्टेंबरात कृषी विधेयकांवरच्या गोंधळानंतर निलंबित झालेल्या आठ खासदारांत होते, आणि १६ मे २०२१ ला कोरोनानंतरच्या गुंतागुंतीने गेले. वय ४६.

यावरून ‘सातवांचं चुकलं’ असं कुणी म्हटलं की मी भांडतो. गुजरातमध्ये जे काम झालं ते कळमनुरीत बसून झालं नसतं. राष्ट्रीय पक्षाला दुसऱ्या राज्यात जाऊन महिनोन् महिने राबणारी माणसं लागतात, आणि ती तरुणांतूनच यावी लागतात. पण त्यांच्या माघारी हिंगोली कोण बघणार, याची तजवीज पक्षाने केली नव्हती, हेही तितकंच खरं. या दोन गोष्टींचा मेळ मला अजून घालता आलेला नाही.

पूर्वी मी डोळे झाकून ‘जा’ म्हणायचो. संसदेत ज्येष्ठता साचत जाते, पस्तिशीत गेलेला माणूस पन्नाशीपर्यंत तीन टर्मचा होतो, स्थायी समित्यांमध्ये अर्थसंकल्प वाचायला शिकतो, असं माझं म्हणणं. ते आजही खोटं वाटत नाही. ३१ जणांच्या स्थायी समितीत मंत्री सदस्य नसतात, सचिव समोर बसून उत्तरं देतात, कॅमेरे नसतात. तयारी करून येणाऱ्याला तिथे जे शिकायला मिळतं ते विधानभवनात मिळत नाही. पण हा सगळा हिशेब सलग निवडून येण्यावर उभा आहे, आणि हिंगोलीसारख्या जागा ती संधी देत नाहीत.

शिवाय आमदाराला विधानसभेतल्या आयुधांची सवय झालेली असते. लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयाकडे लक्ष वेधणारी सूचना, लागली की मंत्री सभागृहात उत्तर देतो, चौकशी जाहीर करतो, कधी जागच्या जागी अधिकारी निलंबित होतो आणि संध्याकाळी गावात फटाके वाजतात. लोकसभेत तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराच्या, प्रश्नाला किमान १५ दिवस आधी नोटीस, दिवसाला २० प्रश्न, तेही सोडतीने, आणि त्यातले तोंडी उत्तरापर्यंत पोचतात ते मोजकेच. खासगी विधेयकाचं, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेल्या विधेयकाचं, तर विचारूच नका: स्वातंत्र्यानंतर १४ मंजूर झाली, शेवटचं १९७० मध्ये. पहिल्या वर्षी तरुण खासदार खचतात ते इथे. घरी सांगत नाहीत.

‘मग शरद पवारांचं काय?’ हा तुमचा पुढचा प्रश्न. १९८४ ला बारामतीतून लोकसभेत गेले, १९८५ ला खासदारकी सोडून विधानसभेत परत आले. १९९१ ला संरक्षणमंत्री, मार्च १९९३ ला पुन्हा मुख्यमंत्री. ही ये-जा जमली कारण बारामतीची जागा त्यांच्यासाठी कायम मोकळी राहिली, आणि दिल्लीला जायच्या आधी, १९७८ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी ते मुख्यमंत्री होऊन बसले होते. तुमच्या आमदाराकडे यातलं काय आहे?

ताजं उदाहरण हवं तर २०२४ घ्या. जूनमध्ये खासदार झालेल्या आमदारांच्या जागांवर नोव्हेंबरात काय झालं ते पाहा. प्रणिती शिंदे तीनदा जिंकलेली सोलापूर शहर मध्य भाजपकडे गेली. प्रतिभा धानोरकरांची वरोराही भाजपकडे. पारनेरला नीलेश लंके यांच्या पत्नी हरल्या, जोगेश्वरी पूर्वला रवींद्र वायकर यांच्या पत्नी हरल्या. टिकल्या त्या धारावी, वर्षा गायकवाड यांच्या बहिणीकडे, आणि पैठण, संदिपान भुमरे यांच्या मुलाकडे. घरातलाच माणूस दिला म्हणून जागा राहत नाही, आणि बाहेरचा दिला तर तो पाच वर्षांनी ती परत करत नाही. यावर तोडगा असल्यासारखं कुणी बोलू लागलं की मला त्याच्यावर विश्वास बसत नाही.

एवढं ऐकूनही जायचंच असेल तर काही गोष्टी आधी बघा. खर्चाची मर्यादा विधानसभेला ४० लाख, लोकसभेला ९५ लाख, म्हणजे दर विधानसभेला सोळा लाखही पडत नाहीत. सगळा जोर स्वतःच्या जुन्या मतदारसंघात लावायचा मोह होतो, तो टाळा. तिथलं मताधिक्य बाकीच्या पाचांतली पिछाडी भरून काढेलच असं नाही. निवडून आलात तर राजपत्रात नाव प्रसिद्ध झाल्यापासून १४ दिवसांत आमदारकीचा राजीनामा द्यावा लागतो. नाही दिला तर जाते ती संसदेची जागा, आमदारकी नव्हे. ‘थोडे दिवस दोन्ही ठेवू’ म्हणणारे सल्लागार घरातच असतात. जुन्या जागेची मुदत वर्षाहून कमी उरली असेल तर पोटनिवडणूक होत नाही, आणि तेवढे महिने तालुक्याला आमदारच नसतो. लोकांचे फोन तुम्हालाच येणार, अधिकारी मात्र आता तुमचे ऐकतीलच असं नाही. दिल्लीच्या पीएला मसुदा लिहिता आला पाहिजे, नुसती दर्शनाची आणि गाडीची सोय बघणारा उपयोगाचा नाही. मतदारसंघात सहा ठिकाणी बसणारी सहा माणसं हवीत, आणि ती तिथल्या आमदाराच्या डोळ्यांत खुपणार नाहीत अशी हवीत, जे जवळपास अशक्य आहे.

त्यात मतदारसंघांची फेररचना आणि महिला आरक्षण पुढे उभं आहे. २००८ च्या रचनेवर बांधलेली गणितं कधी मोडतील, कुठली जागा कुणासाठी राखीव होईल, यावर आज कुणी शब्द देऊ शकत नाही.

म्हणून पुढच्या वेळी यादीच्या आदल्या आठवड्यात येऊ नका, वर्षभर आधी या. येताना सहाही मतदारसंघांचे गेल्या दोन निवडणुकांचे बूथनिहाय आकडे आणा, निवडणूक कार्यालयाच्या फॉर्म २० मध्ये ते मिळतात. आणि सुटणाऱ्या विधानसभेवर कोण बसणार, ते एक नाव सांगा. ते नाव उच्चारताना खोलीतल्या दोघा-तिघांचे चेहरे उतरले, तर आपण आधी त्यावरच बोलू.