बंगले सोडून संडास?

मी वास्तुविशारद. सोलापुरात कुणाच्याही वास्तुशांतीला गेले की प्रश्न ठरलेला: "मॅडम, बंगले सोडून हायवेवरच्या संडासांत काय जीव रमतो तुमचा?" तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

माझी आत्या विजयपूरच्या एसटीत बसायची असली की सकाळपासून पाण्याला शिवायची नाही. मे महिना, पारा ४२ च्या वर, तरी नाही. "वाटेत कुठं बसू गं?" एवढंच म्हणायची.

पहिलं काम मंगळवेढ्याकडे, ज्वारीच्या रानाला लागून. सपाट काळी जमीन, आडोसा म्हणून एक बाभूळ. लांबून दिसावं म्हणून मी मोठ्या हौसेने दार रस्त्याकडे ठेवलं. समोर ट्रकवाले चहा पीत उभे. त्यांच्यादेखत एकही बाई आत गेली नाही. सगळ्या बाभळीमागे! आता दार मागच्या अंगाला असतं आणि रस्त्याकडे पडवी, बाकडं, पाण्याचा माठ. सावलीत टेकायला म्हणून यायचं, हळूच मागे वळायचं.

बाकीचं डोकं जमिनीखाली खर्च होतं. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरमापर्यंत नेला नाही तर भिंत तडकलीच. शोषखड्ड्यातलं पाणीही ती सहजासहजी पीत नाही. म्हणून खड्डे दोन, ऐसपैस, भोवती फूटभर वाळूचा थर. एक भरला की दुसरा चालू, पहिल्याला दोन वर्षं विश्रांती. संडासाचं भांडं जास्त उताराचं घेतलं की दीड-दोन लिटर पाण्यात काम भागतं. जुन्या फ्लशला दहा लागायचे. टँकरच्या गावात हा हिशोब आधी, दर्शनी भाग नंतर.

विद्यार्थी नॉर्वेचे फोटो दाखवतात. तिथे १८ निसर्गरम्य रस्त्यांवर असले थांबे नावाजलेल्या वास्तुविशारदांकडून करून घेतलेत. त्यातल्या उरेडप्लासेन या थांब्यावरचा लाटेसारखा वळलेला काँक्रीटचा संडास २०१८ चा. आल्मानायुवेतच्या जुन्या जस्तखाणीपाशी स्विस वास्तुविशारद पीटर झुमथोर यांनी केलेल्या इमारती २०१६ च्या, त्यातही एक संडासाची. सुंदर आहेत, प्रश्नच नाही. पण मला हेवा वाटतो तो त्यांच्या रस्तेखात्याचा. त्याला संडास हा रस्त्याचाच भाग वाटतो. आमच्याकडे उद्घाटनाची फीत कापली की नळाला पाणी कोण सोडणार, हे कुणाच्याच कागदावर नसतं. म्हणून मी झाडणाऱ्या बाईसाठी खोली काढते, कुलपाची. ती खर्चातून वगळा म्हणणारे भेटतातच.

गेल्या वर्षी आत्याला मुद्दाम माझ्या एका संडासापाशी उतरवलं. बाहेर आली ती कुरकुरतच: "पिशवी अडकवायला खुंटी नाही गं." आता नकाशात प्रत्येक दाराच्या आत दोन खुंट्या असतात, एक पिशवीची, एक ओढणीची.